न उडालेले पैसे

मानकरसाहेब गेल्याची बातमी मला टेलिफोनवर कळली. सकाळी ऑफिसची तिकिटांची खिडकी नुकतीच उघडली होती. समोर भावनगरला जाणारं एक म्हातारं जोडपं उभं होतं. तिकीट लिहून झालं होतं, शिक्का मारायचा राहिला होता. आमच्या कंपनीचे मालक, शेठ, पलीकडून म्हणाले, "परबबाई, आपला मानकर गेला... सकाळी चहा प्यायला बसला नि तिथंच." मी फोन खाली ठेवला, तिकिटावर शिक्का मारला, सुटे पैसे मोजून परत दिले आणि त्या आजोबांना सामान किती चालेल तेही नीट सांगितलं. ती दोघं जिना उतरून गेली, तेव्हा कुठे मी खुर्चीवर बसले. साहेबांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाने त्या वेळी दुसरं काय केलं असतं, कोण जाणे. दुपारी सोनापूरच्या स्मशानात आमचं सगळं ऑफिस गेलं. बायकांनी आत जायची रीत नाही म्हणून मी फाटकाबाहेर समोरच्या पदपथावर उभी राहिले. माझा धाकटा भाऊ वसंता लंगडत लंगडत आत गेला आणि खांदा देऊन आला.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. रोषणाई बघायला साहेब वहिनींना घेऊन गिरगावातून पार दादरपर्यंत चालत गेले होते म्हणे. आता त्यांना जाऊन सहा आठवडे झाले. त्यांच्यावर कुणी लिहील असं ते काही मोठे गृहस्थ नव्हते. एका लहानशा विमान कंपनीचे ते हेड कॅशियर होते, एवढंच. पण माझ्या मनात एक गोष्ट सलते आहे. ती लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी लालबागची. वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे, घर दोन खोल्यांचं, आम्ही पाच माणसं. मॅट्रिक होऊन दादरला टायपिंगचा क्लास केला आणि जाहिरात वाचून गिरगावातल्या या ऑफिसात मुलाखतीला आले. सरकारने मोठाल्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या त्यानंतरची ही गोष्ट. आमच्यासारख्या, विमान भाड्याने देणाऱ्या लहान कंपन्या तेवढ्या उरल्या होत्या. आमच्याकडे लढाईतून उरलेली तीन जुनी डाकोटा विमानं होती. गिरण्यांच्या कापडाच्या गासड्या दिल्लीला न्यायच्या आणि अधूनमधून भावनगरकडे माणसं न्यायची, तीही इतरांपेक्षा स्वस्तात. खुर्च्या म्हणजे भिंतीला लावलेले कॅनव्हासचे बाक. खाणंपिणं काही नाही, पाण्याचा माठ तेवढा असायचा. मुलाखत घ्यायला बसले होते ते मानकरसाहेब. ठाकूरद्वारचे, मुंबईतल्या जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले. बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, बोलणं अगदी हळू. इंग्रजी टायपिंगचा वेग वगैरे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "समजा, आज एका माणसाने पंधरा दिवसांनंतरचं तिकीट काढलं. पैसे तुमच्या हातात दिले. ते पैसे कुणाचे?"

मी म्हटलं, "कंपनीचे."

"आजपासून?"

मी गप्प बसले. तेव्हा ते म्हणाले, "त्या माणसाचं विमान पलीकडे उतरेल ना, चाकं जमिनीला लागतील, तेव्हा ते आपले. तोवर ते त्याचेच. आपण नुसते सांभाळतोय." उत्तर चुकलं तरी नोकरी मिळाली. गप्प बसलात म्हणून घेतलं, असं पुढे एकदा ते हसून म्हणाले होते.

हा त्यांचा नियमच होता. तिकिटांचे आगाऊ आलेले पैसे ते बँकेत वेगळ्या खात्यात ठेवायचे. आम्ही ऑफिसात त्यांना 'न उडालेले पैसे' म्हणायचो. रोज सांताक्रूझच्या विमानतळावरून फोन यायचा, अमुक विमान उतरलं. मग त्या विमानाच्या प्रवाशांचे पैसे त्या खात्यातून निघून कंपनीच्या खात्यात जायचे. दुसऱ्या कंपन्यांत असं कुणी करत नसे. तिकिटाचा पैसा आला की पेट्रोलला, पगाराला, सुट्या भागांना, जिथं भगदाड असेल तिथं जायचा. शेठ कधी कधी वैतागायचे. "मानकर, पैसा पेटीत झोपवून ठेवतोस नि मी व्याजाने आणतो!" साहेब म्हणायचे, "झोपू द्या शेठ. जागा झाला तर पळून जाईल."

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद, बाजार बंद, रस्त्यावर दगड, अश्रुधूर, गोळीबार. कापडाच्या गासड्या गोदामात पडून राहिल्या. एका विमानाचं इंजिन दुरुस्तीला उघडलेलं, त्याचे भाग बंदरात अडकलेले. विमानाची गंमत अशी, की ते उडत नसलं तरी खात असतं. उभं राहायचं भाडं, विम्याचा हप्ता, वैमानिकांचा पगार, काही थांबत नाही. कमाई मात्र ते उडेल तेव्हाच. तीन आठवड्यांत आमची शिल्लक संपत आली.

त्याच दिवसांत वसंताला गोळी लागली. तो तेव्हा अठरा वर्षांचा, गिरणीत बदली कामगार. मोर्चात होता. मांडीत गोळी शिरून हाडाला लागली. परळच्या इस्पितळात त्याला ठेवलं. तिथे उपचार फुकट होते, पण जखम चिघळली आणि डॉक्टरांनी बाहेरून इंजेक्शनं आणायला सांगितली. ऐंशी रुपये लागणार होते. गिरणी बंद, बाबांच्या हातात दमडी नाही. बाबा मला म्हणाले, "गो बाय, तुझ्या सायबाक इचार. भलो माणूस आसा म्हणतंस ना?"

मी विचारलं. साहेब मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "कंपनीच्या खात्यात आज अठरा रुपये आहेत, परबबाई. पगार झालेले नाहीत, तुम्हाला माहीतच आहे."

"दुसऱ्या खात्यात आहेत ना," मी म्हटलं. "मी पुढच्या महिन्यात भरीन. लिहून देते."

"ते आपले नाहीत."

"साहेब, पाय कापावा लागेल म्हणतायत..."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते आपले नाहीत हो," एवढंच पुन्हा म्हणाले. मला तेव्हा काय झालं कोण जाणे. मी टेबलावर दोन्ही हात टेकून मोठ्याने म्हटलं, "तुमच्या घरचं कुणी असतं तर असंच म्हणाला असतात? तुम्हाला माणसं दिसत नाहीत, नुसती खाती दिसतात!" सगळं ऑफिस ऐकत होतं. मी जागेवर जाऊन बसले आणि त्या दिवशी तीन तिकिटं चुकीची लिहिली.

बाबांनी गिरणीच्या दारातल्या पठाणाकडून व्याजाने पैसे उचलले, इंजेक्शनं आली, पाय वाचला... म्हणजे कापावा लागला नाही, पण वाकडा राहिला. दोन दिवस उशीर झाला नसता तर सरळ राहिला असता का? डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मी मात्र ते दोन दिवस मानकरसाहेबांच्या नावावर मांडून ठेवले.

आणि तेच साहेब रोज सकाळी ठाकूरद्वारहून निघून परळला इस्पितळात यायला लागले. आईला म्हणायचे, "तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या. मी बसतो." तास-दीड तास वसंताच्या खाटेशी बसायचे आणि तिथून ऑफिसला यायचे. वसंता त्यांच्याशी चळवळीवर वाद घालायचा, ते ऐकून घ्यायचे. मला ते ढोंग वाटायचं. पैसे द्यायला हात आखडला आणि आता बसायला येतात! मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचे, तेही मान वर न करता.

आठ-दहा दिवस असे गेले असतील. तेल कंपनीचं पत्र आलं, यापुढे उधारीवर पेट्रोल नाही, आधी रोख भरा. त्याच दुपारी शेठ साहेबांच्या टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता. स्वतःचं राहतं घर त्यांनी गहाण टाकलं होतं. पण घाबरले होते. म्हणाले, "मानकर, ते तिकिटाचे पैसे काढ. दोन आठवड्यांचं पेट्रोल येईल. विमान उभं राहिलं तर सगळंच बुडेल, मग कोणाचे पैसे नि काय!"

साहेब म्हणाले, "शेठ, आज परवाच्या प्रवाशाच्या पैशाने पेट्रोल भरलं, तर परवाच्या प्रवाशाला तेरवाच्या पैशाने न्यावं लागेल. मग आपण कायमचेच मागे पडलो. आणि एक दिवस खिडकीवर नवा माणूस आलाच नाही, तर?"

"चेकवर सही कर."

"सही पाहिजे तर राजीनाम्यावर घ्या." आवाज तोच, हळू. शेठ आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

तो खिडकीवर कुणी न येण्याचा दिवस लगेचच उजाडला, पण उलटा होऊन. कंपनी बुडणार अशी आवई उठली. कुणी उठवली ते कळलं नाही. साहेबांना आदल्या दिवशीच कुणकुण लागली असावी; दंगलीत बँका बंद राहतील म्हणून त्यांनी ते सगळे न उडालेले पैसे आधीच काढून ऑफिसात आणले होते. सकाळी मी आले तर जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत रांग लागलेली. सगळ्यांच्या हातात तिकिटं. पैसे परत द्या! आरडाओरडा, शिव्या. पलीकडच्या गल्लीत कुठेतरी अश्रुधूर सोडलेला, त्याने डोळे चुरचुरत होते. शेठ म्हणाले, खिडकी लावा, उद्या या म्हणून सांगा. साहेब स्वतः उठून खिडकीशी आले, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि लोकांना म्हणाले, "सर्वांना मिळतील. ढकलाढकली करू नका. म्हाताऱ्यांना नि बायकांना पुढे येऊ द्या."

मी तिकीट तपासायचे, ते पैसे मोजून द्यायचे. एकालाही 'का' म्हणून विचारलं नाही, एक पैसा कापला नाही. तासाभराने आवाज खाली आला. पैसे मिळतायत म्हटल्यावर रांगेतली काही माणसं आपसात बोलायला लागली. एक बोहरी व्यापारी पैसे घेऊन जिना अर्धा उतरला आणि परत वर आला. "राहू द्या तिकीट," पैसे परत पुढे ठेवत तो म्हणाला, "जो परत देतो तो नेईल पण." त्याच्यामागून आणखी काही जणांनी तिकिटं खिशात घातली नि निघून गेले. दुपारपर्यंत जिना रिकामा झाला. शेवटी परळच्या गिरणीतले एक जॉबर, म्हणजे मुकादम, उभे होते, विधवा सुनेला भावनगरला बहिणीकडे पोचवायला निघालेले. त्यांना पैसे दिले तेव्हा पेटीत फार काही उरलं नव्हतं. मला चटकन वाटून गेलं, यात माझे ऐंशी रुपये होते... ते मला दिले असते तर या माणसाला काय सांगितलं असतं? सगळं लख्ख समजलं. पण समजलं म्हणून राग गेला असं होत नाही. वसंताचा पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

पुढचे सात महिने साहेबांनी कंपनी कशी चालवली ते मी शेजारी बसून पाहिलं. खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा खाकी कागद लावला आणि त्यावर पुढचे दहा आठवडे आखले. कुठल्या आठवड्यात काय येणार, काय जाणार. दर सोमवारी तो खोडून नव्याने मांडायचे. म्हणायचे, "श्वास कुठल्या आठवड्यात अडकणार ते आधी कळलं, तर माणूस आधीच भरून घेतो." एक विमान त्यांनी आसामातल्या एका कंपनीला भाड्याने देऊन टाकलं, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ घेऊन. वैमानिक चिडले, शेठ रडकुंडीला आले, पण त्या भाड्यातून उरलेल्या दोन विमानांचं पेट्रोल आलं. पगाराची यादी त्यांनी उलटी लिहिली. आधी हमाल आणि झाडूवाले, त्यांना पुरे. मग आम्ही कारकून, अर्धे. मग वैमानिक, मिळतील तसे. सगळ्यांत खाली दोन नावं होती, त्यांचं आणि शेठचं.

कापड नव्हतं, तर दिल्लीला न्यायचं काय? एका सकाळी ते मला म्हणाले, "चला परबबाई, कफ परेडला जाऊन येऊ." तिथल्या मच्छीमारांच्या वस्तीत बोटी नुकत्याच लागल्या होत्या. साहेब कोट-टोपीसकट त्या चिखलात शिरले आणि एका म्हाताऱ्या कोळणीच्या टोपलीपुढे उकिडवे बसले. पापलेटाचे कल्ले उघडून पाहिले, बोटाने दाबलं. "हे कालचं आहे. खालचं दाखवा." कोळीण चमकली. मासळीची अशी पारख पाठारे प्रभूंची. "परभू काय रं तू?" तिने विचारलं. "होय," म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. दिल्लीच्या हॉटेलवाल्यांना असलं पापलेट कधी दिसत नाही. बर्फात घालून द्या, दुपारच्या आत दिल्लीत पोचवतो. पण भाडं आधी." तासभर घासाघीस झाली. त्या बाईने आपल्या लोकांना गोळा केलं आणि आठवड्यातून तीन दिवसांचं ठरलं. दिल्लीहून परत येताना विमान रिकामं असायचं. ते फिनेलने धुऊन, कॅनव्हासचे बाक उघडून, साहेब निम्म्या भाड्यात माणसं आणायला लागले. एकदा एक पंजाबी बाई उतरल्या उतरल्या भांडायला आल्या, साडीला मासळीचा वास लागला म्हणून. साहेबांनी हात जोडले. म्हणाले, "बाई, अर्ध्या पैशात आणलंय. अर्धा वास तेवढा सहन करा." ऑफिसात कित्येक दिवसांनी सगळे हसले. मीही. ते माझ्याकडे बघत होते, मी पटकन मान खाली घातली.

पावसाळा सरला, गिरण्या नीट चालू लागल्या, आसामातलं विमान परत आलं. थकलेले पगार हप्त्याहप्त्याने मिळाले. आमच्या बरोबरच्या दोन लहान कंपन्या त्या वर्षात बुडाल्या, आमची तरली. शेठनी पेढे वाटले. पुढे वसंताला गिरणीत उभं राहायचं काम जमेना, तर साहेबांनी त्याला सांताक्रूझच्या गोदामात बसून करायचं काम मिळवून दिलं. त्यांच्याशी माझं बोलणं हळूहळू पूर्वीसारखं झालं. पण त्या दिवशी टेबलावर हात टेकून बोलले ते मागे घ्यायचं राहून गेलं. चार वर्षं शेजारी बसले. रोज वाटायचं, आज म्हणावं. पण तसं काही आपण सहज बोलत नाही. आणि माणूस उद्याही खुर्चीवर असणारच, असं आपण धरून चालतो...

तेरावा झाल्यावर मी ठाकूरद्वारला त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. वाडीतल्या पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, पुढे लांब गॅलरी. वहिनी जमिनीवर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "तू परब ना? ये. वसंता कसा आहे?" मला रडू आवरेना. मी त्यांना सगळं सांगितलं, मी काय बोलले ते, अक्षर न अक्षर.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ती पोर आज खूप रागावली. बरं झालं. घरी आईबापासमोर रडता येत नसेल तिला." मग त्या म्हणाल्या, "माझ्याकडे त्यांनी तेव्हा बांगड्या मागितल्या होत्या, तुला द्यायला. पण त्या आधीच गेल्या होत्या गं. पगार थांबल्यापासून घर त्यांच्यावरच चाललं होतं. मग म्हणाले, पैसे नाहीत तर नाहीत, सकाळी जाऊन बसतो त्या मुलापाशी."

पगाराच्या यादीत तळाला असलेलं त्यांचं नाव मी दर महिन्याला टाइप करत होते. त्यापुढचा रकाना सात महिने कोरा होता, तोही मीच टाइप करत होते. त्या कोऱ्या रकान्याच्या घरात काय शिजत असेल, हे मला एकदाही सुचलं नाही. वहिनी म्हणाल्या, "सात महिने आमच्याकडे पापलेट शिजलं नाही. आमच्याकडे! टोपल्या मोजून यायचे आणि वरणभात जेवायचे. छातीत दुखायचं तेव्हापासूनच. डॉक्टरने विश्रांती घ्या म्हटलं होतं. म्हणायचे, एवढे दहा आठवडे जाऊ देत."

त्या कागदावरचे दहा आठवडे दर सोमवारी नव्याने सुरू होत, हे मी वहिनींना सांगितलं नाही.

त्यांनी चहा ठेवला. साहेबांच्या बहिणीबद्दल, गावच्या जमिनीबद्दल, काहीबाही सांगत होत्या. इतक्यात लांबून विमानाचा आवाज आला. वहिनी बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबल्या. हातातली कपबशी खाली ठेवून गॅलरीत गेल्या, मीही मागोमाग गेले. त्या वर बघत नव्हत्या, नुसता कान देऊन उभ्या होत्या. "त्यांची सवय," हळूच म्हणाल्या. "जेवताना असो, पूजेला बसलेले असोत, आवाज आला की हात थांबायचा. पार जाईपर्यंत बोलायचे नाहीत. इतकी वर्षं मी वैतागत होते... आणि आता बघ." आवाज वाळकेश्वरच्या बाजूने समुद्राकडे गेला, बारीक होत गेला. वाडीत कुणाचा तरी नळ वाहत होता, तेवढाच ऐकू यायला लागला. वहिनींनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली.

"गेलं," त्या म्हणाल्या, आणि आत येऊन, जिथे थांबल्या होत्या तिथून पुढचं वाक्य बोलू लागल्या.